वेगळी चूल

किलेंबाई ओली असली तरी पेटते.
आई म्हणते, रागीट माणसागत,
काडी दाखवायचाच अवकाश.
चुबुतच्या माळावर दुसरं आहे काय जाळायला?
वारा, मेंढ्या, पुन्हा वारा,
आणि हे कमरेएवढं झुडूप.
पानापानाच्या टोकाला सुई.
नोव्हेंबर लागला की वर पिवळीधमक फुलं,
भांडून झाल्यावर कुणी चहा ठेवावा तशी.

त्या सुया मी लहानपणी बोटांतून काढल्या.
आता पगार घेऊन काढते.
ट्रेलेवच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळचं टेबल,
चिमटा, कुप्या, वाळवणीची सिलिका,
आणि डॉन इवोर बेब यांनी
चाळीस वर्षं चिकटवत आणलेले कागद.

डॉन इवोर भिंगातला माणूस.
"ही पाकळी नव्हे पोरी, हे अख्खं फूल.
आणि तू ज्याला फूल म्हणतेस ना, ते गाव आहे."
बियांची लव, परागकोशांच्या शेपट्या
मोजून मोजून त्यांनी सोयरिकी जुळवल्या,
किलेंबाईला मुतिसियाच्या खणात बसवलं.
"नाक सारखं म्हणून कुणी चुलतभाऊ होत नाही,"
मी एकदा म्हणाले.
ते हसले नाहीत. भिंग पुसत राहिले.

पुस्तकं केव्हाच सांगून मोकळी झाली होती.
पण त्यांचं एकच:
"दुसऱ्यांच्या झुडपांचं मला सांगू नका.
माझ्या माळावरचं काय म्हणतं?"

मग मी माळावरचं आणलं.
कुटताना सुई हातमोज्यातून आरपार.
थेंबभर रक्त. पुसलं, विसरले.

तीन आठवड्यांनी अक्षरं आली,
चारच अक्षरांची भाषा, कोट्यवधी तुकडे,
आणि त्यात शेकडा तीन
झाडाची नव्हती.
"माणूस आहे कुणीतरी यात,"
सोलेदाद म्हणाली, माझ्या बोटाकडे बघत.

त्याला एक ओळ लिहायची असते,
म्हणजे यंत्र माणूस वगळतं.
लिहिली.
शाळेच्या पटावर आमचं आडनाव, कायुपान,
तीनदा चुकीचं लिहिलं होतं.
इथे निदान नीट वाचून खोडलं.

रात्रभर यंत्र घरघरत होतं.
सकाळी झाड तयार, फांद्या फुटलेलं.
सूर्यफूल, शेवंती, लेट्यूस, करडई,
झेंडू, आटिचोक, रस्त्याकडेचं डँडेलियन,
सगळ्यांच्या हिरव्या कणांत
बावीस हजार अक्षरांचा एक उतारा
उलटा बांधलेला.
कुण्या एका पूर्वजाच्या पोथीत
बांधणाऱ्याचा हात चुकला,
आणि पुढच्या हजारो घरांनी
ती चूक जिवापाड जपली.

किलेंबाईत तो उतारा सुलटा.
तिच्यात, आणि तिच्या काटेरी सख्ख्यांत.
म्हणजे ही थोरली नव्हे, मूळही नव्हे.
पोथी उलटी व्हायच्या आधीच
भांडीकुंडी उचलून
वेगळी चूल मांडलेली.

डॉन इवोर बराच वेळ कागदाकडे बघत होते.
मग स्टुलावर चढले, ऐंशीच्या घरातला माणूस,
मला हात लावू दिला नाही.
मुतिसियाच्या खणातून गठ्ठा काढला,
कोपऱ्यातल्या रिकाम्या खणात ठेवला,
आणि जुन्या चिठ्ठीवर काट न मारता
खाली पेन्सिलीने तारीख घातली.

शनिवारी घरी गेले.
आईला सगळं सांगितलं, हात फिरवून, फांद्या काढून.
ती चुलीपाशी बसून ऐकत होती.
एक फांदी आत सारली, तडतडली.

"त्या बाकीच्यांतलं," तिने विचारलं,
"जळतं कुठलं?"

मी यादी आठवू लागले.
शेवंती. लेट्यूस.